तेल-तूप बंद, तरी पोट बिघडलेलंच

प्रश्न : दीड वर्षापूर्वी पित्ताच्या खड्यामुळे स्वादुपिंडाला सूज आली, मग पित्ताशय काढलं. तेव्हापासून जेवल्याजेवल्या संडासला पळावं लागतं. तेल-तूप बंद आहे. एन्झाइमची (स्वादुपिंडाच्या पाचक रसाची) २५,००० युनिटची एक कॅप्सूल जेवण झाल्यावर घेतो. तरी वजन ९ किलोंनी उतरलं. काय चुकतंय?

उत्तर : पहिली चूक 'जेवण झाल्यावर' या दोन शब्दांत आहे. एन्झाइम अन्नात कालवलं गेलं तरच कामाचं. मागून धाडलेली कॅप्सूल पोचेपर्यंत बरंचसं अन्न पुढे सरकलेलं असतं. दोन कॅप्सूल असतील तर एक पहिल्या घासाला, दुसरी भात वाढून घेताना. साध्या पाण्यासोबत, न चावता. गरम चहासोबत नकोच. मोठ्या माणसाला पूर्ण जेवणाला साधारण ४०,००० ते ५०,००० युनिट लागतात, नाश्त्याला किंवा कपभर दुधाला २५,०००. तेव्हा डोस वाढवण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. (हे एन्झाइम डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतं, हे बऱ्याच जणांना कुणी सांगतच नाही.)

आता संडासच्या भांड्यात नीट बघा, लाजू नका. मळ फिकट, तेलकट, उग्र वासाचा, दोनदा पाणी ओतूनही चिकटून राहणारा असेल तर स्निग्धांश पचत नाही. पिवळा-हिरवट, पाण्यासारखा, आग करणारा असेल तर संशय पित्तावर. साठवायला पिशवी उरली नाही, पित्त दिवसभर आतड्यात ठिबकतं. जास्तीचं मोठ्या आतड्यात गेलं की ते पाणी ओढतं. त्यावर पित्त धरून ठेवणारी कोलेस्टिरामिनची पावडर देतात. ती इतर औषधंही धरून ठेवते, म्हणून बाकीच्या गोळ्या तिच्या १ तास आधी किंवा ४ ते ६ तासांनी. दोन्ही त्रास एकत्रही असतात.

मळाची इलॅस्टेज तपासणी करून घ्या; स्वादुपिंड स्वतःचं एन्झाइम किती बनवतं, ते तिच्यातून कळतं. २०० (मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅम)च्या खाली आकडा कमी, १००च्या खाली फारच कमी. कॅप्सूल थांबवायची गरज नाही. मात्र पातळ जुलाबाचा नमुना दिलात तर आकडा खोटाच कमी येतो.

एन्झाइम पुरेसं असेल तर तेल तोडू नका, वजन त्यानंही उतरतं. दिवसाचं तेल चार-पाच छोट्या जेवणांत वाटा. तळलेलं टाळा, दारू-तंबाखू पूर्ण बंद. ड जीवनसत्त्व आणि तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) तपासा, कारण इन्शुलिनही स्वादुपिंडातच बनतं. ९ किलो मात्र अंगावर काढू नका, पोटविकारतज्ज्ञांना दाखवा. कावीळ, थंडी-ताप किंवा पाठीत जाणारी कळ आली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. पित्ताशय काढलं तरी पित्तनळीत खडा असू शकतो.