दोम पेरिन्यों 2008 उघडण्याआधी

बाटली बर्फात ठेवून गारढोण करू नकोस. 10-12 अंश पुरे, नाहीतर एवढ्या महागड्या शॅम्पेनची चवच कळायची नाही. बूच फटाक्यासारखं उडवायचं नाही; ते घट्ट धरून बाटली हळूहळू फिरव, नुसता ‘फुस्स’ आवाज यायला हवा. उंच निमुळते ग्लास फोटोपुरते बरे. तू साधा व्हाइट वाइनचा ग्लास घे आणि अर्ध्याहून कमी भर. पहिल्याच घोटाला आंबट धार लागेल. 2008 सालच्या द्राक्षांचा स्वभावच तो. मत बनवायची घाई नको. ग्लासात जरा ऊब आली की भाजलेल्या पावाचा, बदामाचा वास वर येतो. यीस्टच्या गाळावर काढलेल्या वर्षांची ती कमाई. याला मुरायला वेळ हवा म्हणूनच कंपनीने 2009 सालचं शॅम्पेन आधी विकलं आणि हे मागाहून काढलं. सोबत खारे बदाम चालतील, तिखट काही नको.