नवी बॅटरी पुन्हा उतरली? अल्टरनेटर बदलण्याआधी मीटर लावा

दादा, तुम्ही सांगता की दिवाळीत टाकलेली बॅटरी सकाळी उतरलेली असते, इंदूरच्या राजवाड्याच्या गर्दीत एसी-हेडलाइट चालू असले की बॅटरीचा लाल दिवा मंद पेटतो आणि मेकॅनिक म्हणतो अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) बदला. माझं मत विचाराल तर आज बदलू नका. साधा मल्टिमीटर घ्या, आधी मोजू.

रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करण्याआधी बॅटरीवर 12.6 व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. 12.2 म्हणजे बॅटरी जवळपास अर्धी रिकामी. अशी असेल तर चार्जरवर पूर्ण भरून मगच पुढचं पाहा. इंजिन चालू केल्यावर साधारण 13.8 ते 14.5. रेस देऊनही 13 च्या खाली राहिलं तर चार्जिंग कमी पडतंय. 15 च्या वर गेलं तर रेग्युलेटरवर (अल्टरनेटरचं व्होल्टेज आवरणारा भाग) संशय घ्या, तो बॅटरी उकळवतो. नव्या गाड्यांत ईसीयू, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, मुद्दाम व्होल्टेज कमी ठेवतो, म्हणून हेडलाइट आणि ब्लोअर लावूनच आकडा बघा.

आता ज्या तपासणीला गॅरेजवाले सहसा हात लावत नाहीत ती. इंजिन चालू, लोड (हेडलाइट, ब्लोअर) चालू. मीटरची एक पिन अल्टरनेटरच्या जाड वायरच्या बोल्टवर, दुसरी बॅटरीच्या पॉझिटिव्हवर. पिन क्लॅम्पला नको, आतल्या शिशाच्या खुंटाला लावा. क्लॅम्प आणि खुंट यांच्यामध्येच पांढरी-हिरवी बुरशी धरते. 0.3 व्होल्टहून जास्त दिसलं तर वायर, फ्यूज किंवा जोड खराब आहे. मग तसंच अल्टरनेटरची बॉडी आणि बॅटरीचा निगेटिव्ह, इथे 0.2 च्या आत हवं. अर्थिंगचा बोल्ट गंजला असेल तर अल्टरनेटर कितीही चांगला असो, बॅटरीपर्यंत पुरेसं पोहोचत नाही. दोन पावसाळे चिखलात गेलेल्या गाडीत हे मी फार पाहतो. काम सँडपेपरचं, बिल मात्र नव्या अल्टरनेटरचं, याचा मला खरोखर राग येतो.

बेल्ट सैल किंवा चकाकलेला आहे का, तेही बघा.

तुमची दोन्ही लक्षणं एकत्र धरली तर मला अल्टरनेटरमधल्या डायोडचा (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) संशय जास्त आहे. एक शॉर्ट झाला तर आयडलिंगला लोड झेपत नाही आणि रात्री त्याच वाटेने बॅटरी उतरते. मीटर एसी (अल्टरनेटिंग करंट) व्होल्टवर ठेवून चालू इंजिनात बॅटरीवर मोजा. अर्ध्या व्होल्टहून जास्त म्हणजे डायोड गेला. गाडी बंद करून अर्ध्या तासाने करंट मोजला तर 50 मिलिअँपिअरच्या आत हवा. मीटर असा सीरिजमध्ये, म्हणजे बॅटरी आणि तिच्या वायरच्या मध्ये, असताना सेल्फ मारू नका.

आणि चालू गाडीत टर्मिनल काढून 'बघू, बंद पडते का' हे कोणालाही करू देऊ नका. व्होल्टेज एकदम उसळतं आणि ईसीयू जाऊ शकतो.

अल्टरनेटरच बिघडलेला निघाला तर तो उघडताना ऑटो इलेक्ट्रिशियनसमोर उभे राहा. कार्बन ब्रश, रेग्युलेटर, डायोड प्लेट, बेअरिंग अनेक मॉडेलांत सुटे मिळतात. वाइंडिंग काळं पडून जळका वास येत असेल तरच पूर्ण बदला. तोवर रात्री मानपूर घाटाकडे गाडी नेऊ नका. चार्जिंग थांबलं तर हेडलाइटसकट बॅटरी फार वेळ साथ देणार नाही.