लग्नानंतर कारचा विमा: सुरुवातीला एवढंच बघा

अभिनंदन! लग्न झालं म्हणून हप्ता आपोआप उतरत नाही, कंपनीला कळवावं लागतं. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत विवाहितांना दर थोडा कमी लागतो. मॅसॅच्युसेट्स, हवाई आणि मिशिगनमध्ये मात्र वैवाहिक स्थितीवरून दर ठरवायला बंदी आहे.

खरी बचत दोन गाड्या एकाच पॉलिसीत आणल्यावर होते. पण जोडीदाराचं ड्रायव्हिंग रेकॉर्ड (गाडी चालवण्याचा इतिहास) खराब असेल तर उलटंही घडतं. माझ्या नवऱ्याची जास्त वेगाबद्दल दंडाची दोन तिकिटं होती. एकत्र कोटेशन आमच्या दोन हप्त्यांच्या बेरजेपेक्षा जास्त आलं, म्हणून तिकिटं जुनी होईपर्यंत पॉलिसी वेगळ्याच ठेवल्या. तेव्हा दोन्ही आकडे मागवा, कागदावर शेजारीशेजारी मांडा, मगच ठरवा.

नवे लोक हमखास चुकतात ते इथे:

- एका घरात राहणाऱ्या जोडीदाराचं नाव न कळवणं. हे कधीच करू नका, क्लेम अडकू शकतो.
- नवी पॉलिसी सुरू होण्याआधी जुनी रद्द करणं. मधे एक दिवसही विम्याविना जाऊ देऊ नका.
- नवा पत्ता न कळवणं. पिनकोडवरूनही बऱ्याच ठिकाणी दर बदलतो.

डिडक्टिबल (क्लेममध्ये आपण स्वतः भरायची रक्कम) वगैरेचं नंतर बघू. आधी दोघांची ड्रायव्हिंग रेकॉर्ड्स काढा.