पलंग, कूलर, बांबू अन् चरखा : सुट्टीच्या दिवशीचे उद्योग

कापूस वेचणी जोरात आहे, तुरीला फुलं धरलीत, अन् तरीही यावेळच्या पत्रांत शेतापेक्षा घरातल्या उद्योगांचेच प्रश्न जास्त आलेत, हे मला फार आवडलं. आपल्या खेड्यांत रविवार सगळ्यांनाच सुट्टीचा नसतो. कोणाला बाजाराच्या दिवशी मोकळीक मिळते, कोणाला दुपारचे दोन तास, मास्तर अन् बँकेवाल्यांचं तेवढं शनिवार-रविवार. म्हणून उत्तरं देताना एकच गोष्ट धरून चाललोय, काम मधेच थांबवता आलं पाहिजे अन् पुढच्या सुट्टीला तिथूनच उचलता आलं पाहिजे.

प्रश्न : भाऊ, आमच्या आजोबांचा सागवानी पलंग आहे. दर काही वर्षांनी दिवाळीला त्याला ऑइल पेंट मारत गेले, वर चॉकलेटी, त्याखाली हिरवा, त्याखाली अजून काहीतरी. एका पायातून भुसा पडून राहिला. घरचे म्हणतात भंगारात देऊन टाक. मला तो मूळ लाकडावर आणायचा आहे, शाळा सांभाळून होईल का? (एक शिक्षक, घाटंजी तालुका)

गुरुजी, भंगारात अजिबात देऊ नका. 2023 मध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी सागवान आपल्या बल्लारपूरहूनच गेलं, म्हणजे आपल्या भागातल्या सागाला काय मान आहे ते बघा, अन् तुमच्याकडे तर तो घरातच पडलाय.

रंगाला हात लावायच्या आधी पलंग उलटा करा. खालच्या बाजूला सहसा रंग लावलेला नसतो, तिथे लाकूड कसं आहे ते उजेडात नीट बघा. सागाचा आतला पिवळट-तपकिरी गाभा कीड सहसा खात नाही, भुंगा लागतो तो कडेच्या पांढऱ्या लाकडाला. पेचकसाचं टोक पायात टोचून बघा, वरच्यावर अडकलं तर काळजी नाही, सरळ आत गेलं तर तेवढा भाग सुताराकडून बदलून घ्यावा लागेल. पिठासारखा बारीक भुसा असेल तर भुंगा, अन् मातीच्या नळ्या चिकटलेल्या दिसल्या तर उधई. उधई असेल तर पलंगाच्या आधी जमिनीचा बंदोबस्त करा, पाय मातीच्या भुईवर टेकू देऊ नका, खाली फरशीचे तुकडे ठेवा.

आता रंग. हे जरा लक्ष देऊन वाचा कारण इथे घाई केली की त्रास लेकरांना होतो. आपल्या देशात घरगुती रंगांमध्ये शिशाचं प्रमाण 90 पीपीएमच्या (म्हणजे दहा लाख भागांत 90 भाग) वर चालणार नाही हा नियम 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला, त्याच्या आधीच्या ऑइल पेंटमध्ये भरपूर शिसं असू शकतं, अन् तुमच्या पलंगावर तर आजोबांच्या काळापासूनचे थर आहेत. म्हणून कोरडा रंग मशीनने घासायचा नाही, हीट गनने जाळायचा नाही. अंगणात ताडपत्री अंथरा, तोंडाला चांगला मास्क लावा, रंगावर पाणी शिंपडत ओला ठेवा अन् पात्याने खरवडा. जुने सुतार खिडकीच्या काचेच्या तुकड्याने खरवडतात, काम सुंदर होतं, पण नवख्या हाताने स्टीलचा स्क्रॅपरच घ्यावा. पातं थोडं तिरपं धरून दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढायचं. चॉकलेटी थर आधी टवके होऊन उडतो, हिरवा मात्र चिवट असतो, तो गुंडाळी होऊन वर येतो, अन् मग एका ठिकाणी अचानक सागाच्या रेघा दिसतात आणि जुन्या चामड्यासारखा वास येतो. तो वास आला की तुम्ही आपोआप दिवसभर बसाल, पण बसू नका. एका सुट्टीला एकच बाजू घ्या. खरवडलेला रंग पिशवीत बांधून टाका, चुलीत घालू नका, परसात पुरू नका, लहान लेकरं अन् घरात कोणी पोटुशी बाई असेल तर त्या दिवशी त्यांना तिकडे फिरकू देऊ नका.

रंग निघाला, लाकूड पूर्ण वाळलं की पॉलिश पेपर. आधी 80 नंबर, मग 120, मग 220, अन् कायम लाकडाच्या रेघांच्या दिशेने. आडवं घासलं की ओरखडे पडतात, ते तेल लावल्यावर जास्तच दिसतात. मास्क इथेही ठेवा, रेघांत थोडा रंग उरलेला असतोच. जोड ढिले असतील तर खिळा मारू नका, खिळ्याने जुनं लाकूड फाटतं. जोड उघडा, जुना मळ काढा, लाकडाचा गोंद लावा अन् दोरीने आवळून रात्रभर ठेवा.

शेवटी तेल, अन् ते आपल्या जवसाचंच. पण घाणीवरचं खायचं जवस तेल लावलं तर ते दिवसेंदिवस चिकटच राहतं, हार्डवेअरच्या दुकानातून डबल बॉइल्ड लिनसीड ऑइल मागा. सुती फडक्याने पातळ हात द्या, पंधरा-वीस मिनिटांनी वर राहिलेलं सगळं पुसून घ्या, दुसरा हात दुसऱ्या दिवशी. तीन हातांत लाकूड बोलायला लागतं. आता सगळ्यात महत्त्वाचं, हे तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं अन् त्यातून उष्णता तयार होते, त्यामुळे तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली तर काडी न लावता पेट घेऊ शकतात. कुटाराच्या खोलीत किंवा कापूस भरलाय त्या खोलीत तर चुकूनही नको. काम संपलं की फडकी बाहेर दोरीवर एकेक मोकळी पसरा, कडक होईपर्यंत तिथेच राहू द्या.

प्रश्न : कूलर ठेवून देताना काय करावं? यंदा वास यायचा, अन् टाकीला हात लावला की बारीक झटका बसायचा. मिस्टर म्हणतात बूट घालून पाणी भरत जा. (एक ताई, समुद्रपूर तालुका)

ताई, बूट घालणं हा काही इलाज नाही. पत्र्याच्या टाकीत करंट उतरून राहिलाय याचा अर्थ आत कुठेतरी वायर उघडी पडली असेल, नाहीतर पंपाच्या मोटरमध्ये पाणी गेलं असेल, अन् त्यात घरची अर्थिंग कामाची नाही. दर उन्हाळ्यात कूलरचा करंट लागून माणूस गेल्याच्या बातम्या आपण वाचतोच. हे सुट्टीत स्वतः करायचं काम नव्हे, वायरमनला बोलवा, अर्थिंग तपासून घ्या, तीन पिनचा प्लग लावा, अन् जमलं तर मेन बोर्डात 30 मिलिअ‍ॅम्पिअरची आरसीसीबी बसवून घ्या, करंट गळायला लागला की ती क्षणात लाइन तोडते. अन् तरीही पाणी भरायच्या आधी प्लग काढायचा म्हणजे काढायचाच, नुसतं बटन बंद करून भागत नाही.

बाकीचं मात्र एका दुपारचं काम आहे. ताट्या (बाजूच्या जाळ्या) काढून त्यांतलं वुडवूल, म्हणजे लाकडाचा बारीक भुस्कट, टाकून द्या, नवीन फेब्रुवारीतच भरा. पंपावर अन् पाण्याच्या नळीवर पांढरा थर बसला असेल तर तो खाऱ्या पाण्याचा आहे, किराण्यातलं लिंबूसत्व गरम पाण्यात घालून त्यात भिजवा, निघतो. टाकीच्या भिंती घासणीने घासा. नुसतं पाणी ओतून देऊ नका, कारण डेंग्यूचा डास पाण्याच्या रेषेवर भिंतीला अंडी चिकटवतो अन् ती कोरडी राहूनही महिनोन्महिने टिकतात, उन्हाळ्यात पाणी भरलं की फुटतात. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून पुढच्या सीझनला आठवड्यातून एक दिवस टाकी कोरडी करायची. वासाचं निम्मं कारणही तेच साचलेलं पाणी आहे, उरलेलं निम्मं बंद खिडकी. कूलरला समोरची खिडकी उघडी लागते, नाहीतर खोली नुसती दमट होते.

प्रश्न : घरामागे वेलांसाठी बांबूचा मांडव घातला होता, दुसऱ्याच पावसाळ्यात बांबूतून पिवळं पीठ पडायला लागलं अन् मांडव झुकला. लोखंडाचा पाइप घेऊ का? (एक तरुण शेतकरी, मूल तालुका)

पाइप कशाला भाऊ, तुमच्या तालुक्यात राहून बांबू सोडायचा? चंद्रपूर-मूल रस्त्यावरच चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, एकदा जाऊन या, हातात बांबू घेऊन शिकलेलं विसरत नाही.

तुमचा बांबू बहुतेक कोवळा होता किंवा पावसाळ्यात तोडलेला. भुंगा बांबू खातो तो त्यातल्या पिठूळ साखरेसाठी, अन् कोवळ्या बांबूत अन् पावसाळ्याच्या दिवसांत ती जास्त असते. म्हणून तीन-चार वर्षांचा पक्का बांबू घ्यायचा, अन् तोडायचा थंडीत, म्हणजे आत्ताच. कोवळ्याच्या अंगावर पांढरट भुकटी अन् पेरांवर साली असतात, पक्का बांबू खरखरीत, डागाळलेला दिसतो, बोटाने वाजवला तर टणक आवाज देतो. आपल्याकडचा मानवेल जातीचा बांबू जवळजवळ भरीव असतो, उभ्या खांबाला तोच. विकत घेताना बुरड कारागिराला सोबत नेता आलं तर न्या, त्यांची नजर तुमच्या-माझ्या पुस्तकांपेक्षा पक्की.

तोडलेला बांबू दोन-तीन आठवडे पाण्यात बुडवून ठेवा, वर दगड ठेवा, पाणी बदलत राहा. वास येईल, तो यायलाच हवा, आतलं पीठ सुटतंय त्याचा आहे. मग सावलीत उभा करून वाळवा, उन्हात आडवा टाकला तर तडकतो. लोक टाकणखार (बोरॅक्स) अन् बोरिक पावडरचं द्रावण सांगतात, शंभर लिटर पाण्याला तीन किलो टाकणखार अन् दोन किलो बोरिक, ते खरंच चांगलं आहे, पण ते घरातल्या टोपल्या, खुर्च्या, छताखालच्या कामाला. उघड्या मांडवावर पाऊस ते धुऊन नेतो, तिथे पैसे घालू नका. मांडवाचा बांबू बहुतेक भुईजवळच कुजतो, म्हणून खांब जमिनीत गाडण्यापेक्षा लोखंडी पट्टीला नटबोल्टने बांधा अन् पट्टी सिमेंटच्या ठोकळ्यात बसवा, बांबू भुईपासून वीतभर वर राहू द्या. वरची जाळी तुराट्यांची केली तरी चालते, ती वर्षा-दोन वर्षांनी बदलायचीच आहे अन् घरचीच आहे. दोडका, वाल, कारलं तीवर आरामात चढतं.

अजून एक, बांधावर स्वतः लावलेला बांबू तोडायला आता घाबरायचं कारण नाही, वनाबाहेरचा बांबू 2017 च्या दुरुस्तीने भारतीय वन कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून काढलाय. जंगलातला मात्र आणू नका, त्याचे नियम वेगळे आहेत.

प्रश्न : घरात जुना पेटी चरखा सापडला. आमच्याच शेतातला कापूस त्यावर कातता येईल का? सासरे म्हणतात तेवढ्या वेळात चार किलो कापूस वेचून होतो. (एक सूनबाई, नोकरीला बँकेत, देवळी तालुका)

येईल की, का नाही येणार. अन् सासऱ्यांना सांगा, वेचणी वेचणीच्या वेळी, हे रविवारचं. आयुष्यभर कापूस पिकवून व्यापाऱ्याच्या काट्यावर ओतला, पण त्याच कापसाचा धागा घरात कोणी काढून पाहिला नाही, मला तरी ते करून पाहणं फार मोलाचं वाटतं, त्याचे रुपये किती झाले ते विचारूच नये.

फक्त चरख्यावर लगेच बसू नका. पहिल्या वेचणीचा स्वच्छ, पत्ती नसलेला कापूस बाजूला ठेवा. सरकी काढायला लाकडी पाटी अन् गुळगुळीत लोखंडी सळई घ्या, मूठभर कापूस पाटीवर ठेवून वरून सळई दाबत लाटायची, सरकी पुढे निसटते, रुई मागे राहते. मग ती पिंजून पेळू, म्हणजे कातायच्या रुईच्या लांबट गुंडाळ्या, वळायचे, अन् पेळू नीट नसेल तर जगातला कोणताही चरखा सूत देणार नाही, नवशिके नेमके इथेच कंटाळतात. पहिले काही रविवार टकळीवरच (हाताने फिरवायच्या छोट्या चातीवर) कातत राहा, बोटांना किती सोडायचं अन् किती पीळ द्यायचा ते तिथेच कळतं. कापसाचा धागा दमट हवेत मजबूत राहतो, कोरड्यात तटतट तुटतो, म्हणून थंडीतली सकाळची वेळ धरा, भर दुपारी पंख्याखाली बसू नका.

वर्धा तुम्हाला जवळच आहे. 1938 साली गांधीजींच्या हस्ते उघडलेलं मगन संग्रहालय आहे तिथे, चरख्यांचे प्रकार बघायला मिळतात, अन् सेवाग्रामही पुढेच आहे. जाताना तुमच्या पेटी चरख्याचा मोबाइलवर फोटो काढून न्या, त्याची माळ (चाकावरची दोरी) अन् चात (धागा गुंडाळायची टोकदार सळई) शाबूत आहे का ते जाणकार माणूस फोटो बघूनही सांगू शकेल. चात वाकलेली असेल तर ती आधी सरळ करून घ्या किंवा बदला, वाकड्या चातीवर धागा थरथरतो अन् दोष आपल्या हाताचा आहे असं वाटत राहतं.