कार्ड धरत नाही म्हणून जीपीएस मोडीत काढू नका

प्रश्न : मी साखर कारखान्याच्या शेती खात्यात आहे, ऊस नोंदीला हातातला जीपीएस घेऊन फडाफडातनं फिरायचं काम. मागं बांधावरनं उतरताना तो हातातनं निसटला आणि दगडावर पडला. चालू होतोय, सॅटेलाइटपण पकडतोय, पण नकाशा गेला आणि मेमरी कार्ड दाखवतच नाही. बॅटऱ्या काढून बघितलं तर कार्डावरचा पत्रा एका बाजूनं सुटलाय, दाबला की परत वर येतोय. बेळगावात खडेबाजारात दाखवला तर एकजण म्हणाला बोर्ड बदलायला लागतंय, दुसऱ्यानं हातच लावला नाही. आता नवीनच घ्यायचा काय?
– एक वाचक, चिक्कोडी तालुका

उत्तर : थांबा की जरा, एवढ्यात नवीन कशाला. सॅटेलाइट पकडतोय म्हणताय ना, मग रिसीव्हर ठणठणीत आहे. कार्डाचा आणि सॅटेलाइटचा काही संबंध नसतो, कार्डात असतो तो फक्त नकाशा. मॉडेल तुम्ही कळवलं नाही, पण बॅटरीखाली पत्रा म्हणताय त्यावरनं गार्मिन कंपनीच्या ईट्रेक्स नाहीतर जीपीएसमॅप जातीतला दिसतोय. त्यांच्यात हा पत्रा एका बाजूला सरकवून उचलायचा, खाली मायक्रो एसडी ठेवायचं, पत्रा आडवा करून परत सरकवून लॉक करायचा. त्या पत्र्याची बिजागरी म्हणजे जीव केवढासा, पडल्यावर आधी तीच जाते.

पण पत्र्यावर खापर फोडायच्या आधी कार्ड बघून घ्या. ते काढून मोबाइलात नाहीतर रीडरमधनं कॉम्प्युटरला लावा. तिथंपण दिसत नसलं तर कार्डच गेलंय, प्रश्न मिटला. दिसलं तर ३२ जीबीच्या आतलं आणि फॅट३२ फॉरमॅटचं (फॉरमॅट म्हणजे कार्डावर फाइली मांडायची पद्धत) आहे का बघा, कारण ६४ जीबीचं कार्ड दुकानातनं एक्सफॅट ह्या दुसऱ्याच फॉरमॅटचं होऊन येतं आणि ह्या यंत्रांना ते कळत नाही. पडल्यानंतर कुणी नवीन मोठं कार्ड घालून बघितलं असेल तर तेवढ्यानंसुद्धा फसायला होतं.

कार्ड चांगलं निघालं तर आता खरी परीक्षा. बॅटऱ्या काढूनच ठेवा, कार्ड जागेवर ठेवून पत्रा पेन्सिलीच्या मागच्या टोकानं हलकं दाबून धरा आणि तसंच धरून यूएसबी केबलनं कॉम्प्युटरला जोडा (आधी दाबायचं, मग केबल, उलटं केलं तर कार्ड आलेलं त्याला कळत नाही कधी कधी). कॉम्प्युटरवर दोन ड्राइव्ह दिसले, एक यंत्राचा एक कार्डाचा, तर खालच्या पिना जिवंत आहेत आणि दुखणं फक्त पत्र्याचं आहे. एकच दिसला तर भिंग घेऊन त्या ८ बारक्या पिना बघा, एखादी चेपलीय का, हिरवट झालीय का. मळ असेल तर मोबाइलवाल्यांकडं आयसोप्रोपिल अल्कोहोल असतं ते ब्रशनं लावायचं आणि पूर्ण वाळू द्यायचं. सुईनं पिना उचकटायला जाऊ नका, तुटली तर मग खरंच बोर्डाचं काम निघतं.

नुसता पत्राच ढिला असेल तर इलाज फुकटातला आहे. जाड कागदाची घडी, कार्डापेक्षा किंचित मोठी, पत्र्यावर ठेवायची आणि मोबाइलवाले वापरतात त्या पिवळ्या हीट टेपनं चिकटवायची, वरनं बॅटऱ्या बसल्या की त्यांच्याच दाबानं पत्रा खाली राहतो. घडी बेताची हवी, जास्त झाली तर मागचं झाकण नीट बसत नाही आणि झाकणाच्या रबरातनं पाणी आत जातं. फेविक्विक मात्र अजिबात नको, ते पातळ असतं, पिनांवर पसरतं, मग देवसुद्धा काढू शकत नाही.

पिनाच उखडल्या असतील तर सोल्डरिंग आलं, चांगल्या हातानं होतंसुद्धा. पण त्यासाठी यंत्र खोलायला लागतं, आणि एकदा खोललं की आयपीएक्स७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं टिकायची जी हमी होती ती गेलीच समजा. जांबोटी-कणकुंबीच्या पावसात असलं यंत्र प्लॅस्टिक पिशवीशिवाय बाहेर काढू नये. जुन्या यंत्रावर हा खर्च मी तरी करणार नाही.

त्यापेक्षा स्लॉट विसरा आणि आतली मेमरी वापरा. ईट्रेक्स २० आणि ३० मध्ये १.७ जीबी आहे, २०एक्स-३०एक्समध्ये ३.७ जीबी. अख्ख्या भारताचा नकाशा कशाला पाहिजे, ओपनस्ट्रीटमॅप ह्या इंटरनेटवरच्या फुकट नकाशावरनं बनवलेला फक्त आपल्या भागाचा, चिक्कोडी-निपाणी-हुक्केरी आणि पलीकडचं कागल-गडहिंग्लज एवढा तुकडा घ्या, तो सहज मावतो. केबल लावून गार्मिन नावाच्या फोल्डरमध्ये नकाशाची ती आयएमजी फाइल टाकायची. तिथं आधीच्या फाइली असतील त्या डिलीट करू नका, त्यात कंपनीचा मूळ नकाशा असतो. आणि तुम्ही मोजलेले फड बहुतेक त्याच मेमरीत जीपीएक्स फोल्डरमध्ये सापडतील, आधी ते कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, बाकीची खटपट नंतर.

प्रश्न : कारखान्याच्या माणसानं जीपीएसनं माझा ऊस २३ गुंठे धरला, उताऱ्यावर २५ आहे. यंत्र बिघडलंय का माणूस?
– एक शेतकरी, निपाणी

उत्तर : दोघंपण बरोबर असू शकतात. मोकळ्या आभाळाखाली हातातला जीपीएस ३ ते ५ मीटर इकडंतिकडं दाखवतोच. २५ गुंठे म्हणजे अंदाजे ५० बाय ५० मीटरचा तुकडा धरा, त्याची एकच बाजू ३ मीटर आत सरकली तरी दीड गुंठा गेला. त्यात बांध, पाट, पोटखराबा (पिकाला न येणारी जागा) उताऱ्यात धरलेला असतो, ऊस तिथं नसतो. बांधाला आंबा-नारळाची रांग असेल तर फरक आणखी वाढतो. त्या माणसाला सांगा, यंत्र चालू करून चार-पाच मिनिटं उघड्यावर थांब, मग बांधाच्या कडेनं सावकाश फिर आणि दोनदा फीर. दोन्ही वेळचा आकडा जवळजवळ आला तर तो धरा. हद्दीचा वाद असेल तर मात्र ह्या यंत्राच्या नादाला लागू नका, सरकारी मोजणीच मागा.