जादाची तिकिटं विकायच्या आधी जरा थांबा

काकांचे टपाल तिकिटांचे तीन अल्बम हाताला लागलेत, आता एकाच विषयाचा संग्रह करायचाय आणि डबल तिकिटं विकून त्याचा खर्च काढायचाय, असं म्हणताय तुम्ही. मी इथं सोलापुरातच वीसेक वर्षं हाच उद्योग करतोय, त्यामुळं जरा लांबड लागणार बघा.

आधी डबल म्हणजे काय ते ठरवा. १९५७ ची भारताच्या नकाशाची नवे पैसेवाली तिकिटं घ्या, दिसायला सगळी सारखी, पण सुरुवातीच्या कागदात ताऱ्यांचा वॉटरमार्क (कागदातच उमटवलेली पुसट खूण) आणि पुढच्या छपाईत अशोकस्तंभाचा. काळ्या बशीत तिकीट पालथं ठेवून बेन्झिनचे दोन थेंब टाकले की दिसतं (गॅसजवळ नको हां). हे न बघता मी पहिल्या वर्षी अख्खा गठ्ठा स्वस्तात विकून टाकला, नंतर त्यातलीच काही परत विकत घेतली.

विषय बारीक धरा. 'पक्षी' घेतलात तर जन्म पुरणार नाही. आपल्या गावचेच डॉ. कोटणीस घ्या की, चीनची १९८२ ची दोन तिकिटं, आपलं १९९३ चं एक, झाली सुरुवात. माझा विषय १९७१ च्या बांगलादेशी शरणार्थींच्या मदतीचा. १५ नोव्हेंबरपासून पत्रावर ५ पैसे जादा लावायचे होते, खास तिकीट आलं १ डिसेंबरला, तोवर कुटुंब नियोजनाच्या ५ पैशांच्या तिकिटावरच 'Refugee Relief' अशी अक्षरं छापून भागवलं. नाशिकच्या सरकारी छापखान्यातली ही छपाई चिल्लर भावात मिळते, पण काही शहरांनी आपापले रबरी शिक्के मारले त्यांना खरी किंमत, आणि म्हणूनच नकली उदंड, कारण साधं तिकीट ढिगानं मिळतं आणि शिक्का काय कुणीही बनवून घेतो. मी पाकिटासकटच घेतो, आणि भिंगातून बघतो की टपालाचा छाप त्या अक्षरांच्या वरून गेलाय ना. अक्षरंच वर असली तर हात जोडायचे.

पाकिटावरनं आठवलं, रद्दीत मला इथल्या गिरणीची जुनी पाकिटं मिळाली होती, SHOLAPUR असा जुन्या स्पेलिंगचा छाप असलेली, आणि मी शहाण्यानं तिकिटं कापून पाण्यात टाकली. तिकिटं आजही कोण विचारत नाही, किंमत होती ती त्या छापाच्या पाकिटांना.

विकताना सांगितलेला भाव बघू नका, माल कितीला गेला ते बघा. ऐंशीनंतरची वापरलेली तिकिटं सुटी खपत नाहीत, वर्षवार सेट लावा. मागच्या बाजूचा फोटो टाकाच, हिंजचा (अल्बमात तिकीट चिकटवायच्या कागदी पट्टीचा) डाग असला तर आधीच सांगा, नाहीतर तिकीट परत येतं आणि नाव जातं ते वेगळं. नवी कोरी तिकिटं व्यापारी छापील किमतीच्याही खाली मागतो, त्यापेक्षा मी ती माझ्याच पार्सलांना चिकटवतो, घेणाराही खूश.

तर अल्बम चाळताना ५ पैशांचं असलं एखादं पाकीट दिसलं तर कात्री लावू नका, आधी दोन्ही बाजूंचे फोटो इथं टाका.