गंजलेल्या पिकअपची घरगुती दुरुस्ती: कुठवर आणि कशी?

या अंकासाठी निवडलेले प्रश्न जुन्या डिझेल पिकअप गाड्यांविषयी आहेत आणि ते बहुतेक कोकणातून व घाटमाथ्यावरून आले आहेत. खारी हवा, वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस आणि त्यात मासळीची वाहतूक, एवढे एकत्र आल्यावर गंजाचा विषय पुढे येणे स्वाभाविकच होते. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न: आमची पिकअप सतरा वर्षांची आहे. हर्णै बंदरावरून मासळी भरून महाड आणि पुढे न्यायची, हे तिचे काम. हौद्याच्या (मागच्या माल भरायच्या भागाच्या) तळाला भोके पडली आहेत, केबिनच्या पायरीखालचा पत्रा हाताने तुटतो आणि चासीवरून (खालच्या लोखंडी सांगाड्यावरून) गंजाचे पापुद्रे निघतात. वेल्डर म्हणतो की सगळीकडे वरून नवा पत्रा मारून देतो. शेजारी सांगतात की जळके ऑइल फासा, काही होत नाही. आम्ही काय करावे? (वाचक, दापोली तालुका)

उत्तर: तुमच्या पत्रातील तीन गोष्टी आधी वेगळ्या करू, कारण त्यांचे महत्त्व सारखे नाही. पिकअपमध्ये हौदा आणि केबिन हे चासीवर बोल्टने बसवलेले असतात आणि भार चासी वाहते. त्यामुळे हौद्याच्या तळाला भोक पडले तर नुकसान होते, पण धोका फारसा नसतो, आणि तेथे घरी केलेली डागडुजी चालते. चासीला भोक पडले तर मात्र वरचा पत्रा कितीही नवा असला तरी त्याचा उपयोग नाही. म्हणून वेल्डरला बोलावण्याआधी चासी तपासा.

गाडी सपाट जागी लावून चाकांना उटी (अडसर) द्या आणि लहान हातोडीने चासीवर वीतभर अंतराने ठोकत जा. चांगले लोखंड खणखणीत वाजते, कुजलेले भद्द आवाज करते. जेथे आवाज बदलेल तेथे जुन्या स्क्रू-ड्रायव्हरचे टोक जोर लावून टोचा. मागच्या पाट्यांचे (भार पेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगचे) हँगर जेथे चासीला बसतात ती जागा, आडव्या मेंबरचे सांधे आणि हौदा व चासी यांच्यामध्ये असलेल्या लाकडी किंवा रबरी पॅकिंगखालची जागा येथे विशेष लक्ष द्यावे. हे पॅकिंग पावसाळाभर ओले राहते आणि त्याखालचा गंज हौदा उचलल्याशिवाय दिसत नाही. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा व्यापतो. त्यामुळे दोन पत्र्यांमधला सांधा फुगलेला दिसला तर आत काय चालले आहे ते उघडच आहे.

पापुद्रे खरवडल्यावर खाली घट्ट लोखंड लागले, तर तारेच्या ब्रशने ते स्वच्छ करून फॉस्फरिक आम्ल असलेले गंजावरचे द्रावण लावावे, ते काळे पडून पूर्ण वाळल्यावर रेड ऑक्साइड (अस्तराचा रंग) आणि त्यावर एनॅमलचे दोन हात द्यावेत. हे द्रावण पातळ गंजावर काम करते. पापुद्र्यावर लावले तर पापुद्र्यासकट गळून पडते. स्क्रू-ड्रायव्हर आरपार गेला तर तो भाग कापून नवी जाड पट्टी जोडावी लागेल, आणि हे काम जड वाहनांच्या चासीचा सराव असलेल्या वेल्डरकडूनच करून घ्यावे. पट्टीची टोके काटकोनात न कापता तिरकी कापायला सांगा, कारण आडवा सरळ वेल्ड जेथे संपतो तेथूनच पुढे तडा जातो. चासीच्या वरच्या आणि खालच्या कडांवर आडवा वेल्ड मारू देऊ नका. गाडी वाकते तेव्हा सर्वाधिक ताण त्याच कडांवर येतो. वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या दोन्ही वायरी आणि अल्टरनेटरची जोडणी सोडावी, अर्थचा चिमटा वेल्डच्या अगदी जवळ लावावा, आणि डिझेलची टाकी व ब्रेकच्या रबरी नळ्या आसपास असतील तर त्या आधी बाजूला काढाव्यात.

वरून पत्रा मारण्याचा सल्ला मला मान्य नाही. जुना गंजका पत्रा तसाच ठेवून त्यावर नवा मारला की दोहोंमध्ये खारे पाणी अडकते आणि नवा पत्रा आतून खायला लागतो. हौद्याचा तळ असो किंवा पायरी, चकचकीत लोखंड लागेपर्यंत जुना पत्रा कापावा, नव्या तुकड्याला दोन्ही बाजूंनी रंग द्यावा आणि सांध्यावर सीलंट भरावे. पायरीच्या पोकळीत सिमेंट किंवा एम-सील भरणारे लोक मी पाहिले आहेत. गाडी विकायची असेल तर ती युक्ती कशासाठी आहे हे समजते. वापरायची असेल तर ती पोकळी मोकळीच ठेवावी, कारण तिच्या तळाला कंपनीने पाणी निघण्यासाठी भोके ठेवलेली असतात. ती चिखलाने आणि मासळीच्या खवल्यांनी बुजतात. तार घालून ती मोकळी करणे ही या गाडीवरची सर्वांत स्वस्त दुरुस्ती आहे.

मासळीच्या गाडीला आणखी एक काम लागू पडते. बर्फाचे खारे पाणी हौद्याच्या भोकांतून थेट चासीवर आणि मागच्या ब्रेक पाइपांवर ठिबकते. हौद्याच्या तळाला किंचित उतार देऊन एका कोपऱ्यात पाइप बसवा आणि ते पाणी खाली टांगलेल्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये सोडा. गाडीचे आयुष्य वाढेल आणि मागून येणारा दुचाकीस्वार त्या बुळबुळीत पाण्यावरून घसरणार नाही. प्रत्येक खेपेनंतर गाडी वरून धुतली नाही तरी चालेल, पण खालून गोड्या पाण्याने धुवायलाच हवी. मीठ ओलावा धरून ठेवते आणि खारे पाणी गंजाची क्रिया वेगाने पुढे नेते. म्हणून बंदरावरची गाडी उन्हात उभी असतानाही गंजत राहते.

जळक्या ऑइलविषयी तुमचे शेजारी पूर्ण चुकीचे नाहीत. कोरड्या, स्वच्छ केलेल्या चासीवर त्याचा पातळ हात पावसाळ्यापुरता पाणी अडवतो. परंतु ओल्या गंजावर ते फासले तर पाणी आत कोंडले जाते, रबरी बुश आणि नळ्यांवर पडले तर रबर फुगून मऊ होते, आणि ब्रेकच्या लायनरवर उडाले तर काय होईल हे सांगायला नको. शिवाय ते ठिबकत राहते, त्यामुळे विहिरीजवळ गाडी लावत असाल तर हा उपाय सोडून द्या. त्याऐवजी जाड ग्रीस किंवा मेणाचा थर देणारे अंडरबॉडी कोटिंग थोडे महाग पडते, पण ते लावलेल्या जागी राहते.

प्रश्न: आंबा घाटात आमच्या गाडीचा मागचा मुख्य पाटा तुटला. गावातल्या वेल्डरने तो जोडून दिला, पण पंधरवड्यातच वेल्डच्या शेजारी पुन्हा तुटला. वेल्डिंग कच्चे होते का? (वाचक, साखरपा)

उत्तर: वेल्डिंग पक्के असते तरी पाटा तुटलाच असता. पाट्याचे पोलाद विशिष्ट तापमानाला तापवून आणि थंड करून लवचीक बनवलेले असते. वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्याच्या दोन्ही बाजूंना तो गुण नाहीसा होतो आणि पाटा नेमका तेथेच तुटतो. तुटलेला पाटा बदलावा. नवा संच परवडत नसेल तर भंगारातून त्याच गाडीचा, त्याच रुंदीचा आणि जाडीचा पाटा घेता येईल. मात्र त्याच्या दोन्ही पृष्ठभागांवर आडवा तडा नाही हे रॉकेलने पुसून व खडूची पूड लावून पाहावे, कारण तडा असेल तर त्यात मुरलेले रॉकेल खडूवर रेघ उमटवते.

घाटातच पाटा तुटला आणि गाडी गावापर्यंत न्यायची असेल, तर माल उतरवून, तुटलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना लोखंडी पट्टी आणि यू-बोल्ट लावून अगदी सावकाश जाता येते. तुटलेला पाटा मुख्य असेल आणि चासीला धरणारा डोळाच (पाट्याचे गोल वळवलेले टोक) सुटला असेल, तर ही युक्ती करू नये. तेव्हा अॅक्सल जागेवरून सरकतो आणि गाडी वळणावर ऐकत नाही. नवा पाटा बसवताना सेंटर बोल्टही नवा घाला आणि यू-बोल्ट काही दिवस भार वाहिल्यानंतर पुन्हा आवळा. बहुतेक ठिकाणी हे दुसऱ्यांदा आवळणे राहून जाते.

प्रश्न: कुंभार्ली घाट चढताना इंजिन तापते. रेडिएटरला बारीक गळती आहे. चालक हळद टाकतात आणि गळती थांबते. हे योग्य आहे का? (वाचक, चिपळूण)

उत्तर: गळती थांबते हे खरे आहे, हळदीचे कण पाण्याबरोबर फिरत भोकापाशी येऊन अडकतात. अडचण अशी की रेडिएटरच्या बारीक नळ्यांत ते तसेच अडकतात, आणि तुमचे इंजिन आता गळतीमुळे तापते आहे की हळदीमुळे, हे ठरवणे कठीण झाले आहे. एका वेळेपुरता हा उपाय क्षम्य आहे, पण मुक्कामी पोहोचल्यावर पाणी काढून दोन्ही दिशांनी रेडिएटर धुवून घ्यायला हवा.

तांबे-पितळेचा जुना रेडिएटर असेल तर कारागीर डाख देऊन भोक बुजवतो आणि तो अनेक वर्षे टिकतो. अॅल्युमिनियमचा गाभा आणि प्लास्टिकच्या टाक्या असलेला रेडिएटर अशा रीतीने दुरुस्त होत नाही. झाकणही तपासा. सुमारे ०.९ बार दाब धरणाऱ्या झाकणामुळे पाणी १०० ऐवजी साधारण ११८ अंश सेल्सियसला उकळते. झाकणाचे रबर कडक झाले की दाब राहत नाही आणि रेडिएटर चांगला असूनही घाटात पाणी उकळते. बोअरचे पाणी भरू नका, त्यातील क्षार आत थर धरतात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे निम्मे भरावे. तापलेल्या इंजिनाचे झाकण उघडू नये, हे माहीत असलेले लोकच दरवर्षी भाजतात.

प्रश्न: मागच्या एका चाकाची ब्रेक पाइप गंजून फुटली. मेकॅनिकने ती वाकवून ठोकून बंद केली. ब्रेक लागतो. असे किती दिवस चालेल? (वाचक, मालवण)

उत्तर: एक दिवसही चालवू नका. एका चाकाला ब्रेक नसल्याने जोरात ब्रेक मारताच गाडी एका बाजूला ओढली जाते, आणि ठोकून बंद केलेले टोक दाबाखाली केव्हाही उघडू शकते. शिवाय उरलेल्या पाइपा त्याच वयाच्या आणि त्याच खाऱ्या पाण्यात भिजलेल्या आहेत. सगळ्या पाइपा एकदम बदलाव्यात. फ्रीजची तांब्याची नळी वापरण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका, कारण ती थरथरीने कडक होते आणि तडकते. तयार पाइपा घरी बसवता येतात. त्यानंतर गाडीला सांगितलेले, जुन्या गाड्यांत बहुधा डॉट ३, ब्रेक ऑइल भरून सर्वांत लांबच्या चाकापासून हवा काढत यावे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते आणि पाइप आतूनही गंजवते, म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलावे. त्यात इंजिन ऑइलचा थेंबही मिसळू नये. सिलिंडरची रबरे फुगतात.

प्रश्न: रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी खूप सेल (स्टार्टर) मारल्यावरच सुरू होते. टाकी भरलेली असली की लगेच सुरू होते. बॅटरी नवी आहे. (वाचक, राजापूर)

उत्तर: टाकी भरलेली असताना गाडी लगेच सुरू होते, या एका वाक्यात तुम्ही निम्मे निदान केले आहे. टाकीत उतरणाऱ्या डिझेलच्या नळीला वरच्या भागात गंजाने बारीक भोक पडले असण्याची शक्यता मोठी आहे. टाकी भरलेली असताना ते भोक डिझेलखाली राहते, पातळी उतरली की लाइन एअर (हवा) घेते. टाकी ते फीड पंप या भागात डिझेल ओढले जाते, त्यामुळे तेथे बाहेर थेंब दिसत नाही आणि दोष सापडत नाही. फिल्टरच्या आधी पारदर्शक नळीचा वीतभर तुकडा तात्पुरता जोडा. इंजिन चालू असताना बुडबुडे दिसले तर एअर त्याच्या मागच्या भागातून येते आहे.

नळी बदला, कडक झालेले रबरी पाइप बदला. सांध्यांचे तांब्याचे वॉशर मात्र टाकून देण्याची गरज नाही. ते लालबुंद तापवून पाण्यात टाकले की मऊ होतात आणि पुन्हा घट्ट बसतात. नंतर फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंपाने बुडबुडे संपेपर्यंत एअर काढावी आणि फिल्टरच्या तळाचे पाणीही सोडावे. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल मारू नका. टाकीच गळू लागली तर अंगाचा साबण चोळून भोक बंद होते, कारण साबण डिझेलमध्ये विरघळत नाही. नवी टाकी मिळेपर्यंत हे पुरते. रिकामी वाटणारी टाकी वेल्डिंगला देऊ नका, तिच्यातील वाफा पेट घेतात.

प्रश्न: फ्यूज वारंवार उडतो म्हणून सिगारेटच्या पाकिटाची चांदी गुंडाळली आहे. चालेल का? (वाचक, कणकवली)

उत्तर: चांदी आजच काढा. फ्यूज उडतो म्हणजे कुठेतरी वायर घासून उघडी पडली आहे. आता फ्यूजऐवजी ती वायर जळेल. दिवे मंद आणि सेल संथ असे दोन्ही असेल तर बॅटरीपासून इंजिनापर्यंतची अर्थची पट्टी पाहा. जंप केबल बॅटरीच्या ऋण टोकापासून इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावून सेल मारा. फरक पडला तर पट्टी गंजली आहे. खाऱ्या हवेत चांगले स्टार्टर या एका पट्टीपायी बदलले जातात.

प्रश्न: एवढी डागडुजी केलेली गाडी आरटीओच्या तपासणीत पास होईल का? (वाचक, गुहागर)

उत्तर: केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ६२ नुसार आठ वर्षांपेक्षा जुन्या व्यावसायिक वाहनाला दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. तपासनीस पत्र्याच्या ठिगळांपेक्षा ब्रेक, स्टिअरिंग, दिवे, टायर आणि धूर पाहतो. हौद्याच्या बाजू उंच केल्या असतील किंवा गाडीच्या मूळ रचनेत बदल केला असेल, तर मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ ची अडचण येईल. आणखी एका ठिकाणी जुन्या गाड्या अडतात, ते म्हणजे गंजाने पुसट झालेला चासी नंबर. त्याच्या आसपास ग्राइंडर किंवा वेल्डिंग मुळीच करू देऊ नका. थिनर व सुती कापडाने तो स्वच्छ करा, कागदावर पेन्सिलचा ठसा नीट उमटतो का ते घरीच पाहा आणि नंतर त्यावर ग्रीसचा पातळ थर ठेवा.